छत्तिसावा प्रश्न

गेल्या जून महिन्यातली गोष्ट. माझी भाची मानसशास्त्रात एम. ए. करते. एका दुपारी ती आली ती कागदांची चळत घेऊनच. "मामी, तुझी वीस मिनिटं हवीत," म्हणाली. आमच्या सौभाग्यवतींची वीस मिनिटे मागणारे घरात एरवी कोणी नसते. जे ते दोन-दोन तास घेतात, आणि तेही न मागता. त्यामुळे बाईसाहेब खूश होऊन चष्मा शोधू लागल्या.

कागदावर साठ प्रश्न होते. प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकटी: कधीच नाही, क्वचित, पुष्कळदा, नेहमी. ज्या चौकटीत आपले मन बसेल तिच्यात खूण करावयाची. माथ्यावर 'आपली उत्तरे गुप्त राखली जातील' असे ठळक अक्षरांत आश्वासन आणि तळाशी सहीसाठी रेघ. पावसाळ्यात गडचिरोली जिल्ह्यात जाऊन आश्रमशाळेतल्या मुलींच्या मनाचा अभ्यास करावयाचा, असा भाचीचा बेत होता. घरापासून दूर वसतिगृहात राहणाऱ्या मुलींना एकटेपणा किती जाणवतो, हा प्रबंधाचा विषय. त्याआधी प्रश्नावली कितपत सोपी आहे हे घरच्या माणसांवर पारखून पाहावे, म्हणून ही रंगीत तालीम.

सौभाग्यवतींनी पहिले दहा-बारा प्रश्न हसतखेळत सोडवले. 'आपणास शांत झोप लागते काय?' या प्रश्नाला "हे मामांचं घोरणं धरून की सोडून?" अशी पृच्छाही झाली. मग हळूहळू बोलणे कमी होत गेले. शेवटी सही करून तिने कागद पुढे सरकवला आणि चहा टाकावयास उठली. भाची चहा घेऊन, "थँक्यू हं मामी," म्हणून निघून गेली. त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लागला, पण रोजचे स्तोत्र काही ऐकू आले नाही. रात्री जेवणेही गुपचूप झाली.

भाची आपली फाइल टेबलावरच विसरून गेली होती. रात्री मी ती उघडली. वर 'गुप्त' असे लिहिलेले असताना उघडली, हा अपराध मला मान्य आहे. छत्तिसावा प्रश्न असा होता: 'जगण्यात काही अर्थ उरला नाही असे आपणास वाटते काय?' आणि त्याच्यापुढे 'पुष्कळदा' या चौकटीत आमच्या घरातल्या वळणदार हाताची खूण होती.

चौतीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता. माझ्या भाचीने तो विचारला, आणि तोही रांगेत उभा करून. पस्तिसावा प्रश्न भुकेविषयी होता, सदतिसावा डोकेदुखीविषयी. बारा वर्षांची असल्यापासून ती या घरात येते आहे. पण त्या दिवशी कागद गोळा करताना तिनेही त्या खुणेकडे पाहिले नव्हते. बेरीज मागाहून करावयाची होती.

त्यानंतर आम्हा दोघांत जे बोलणे झाले ते या सदरात यावयाचे नाही. एवढेच सांगतो की ते झाले, पुढे एका जाणत्या डॉक्टरीणबाईंकडेही आम्ही जाऊन आलो आणि स्तोत्र आता पुन्हा ऐकू येते. हा मजकूर संपादकांकडे पाठविण्यापूर्वी मी तिला वाचून दाखविला. तिने दोन वाक्ये खोडली आणि बाकीचे राहू द्या म्हणाली. ती दोन वाक्ये वाचकांना मिळणार नाहीत.

पण ती खूण काही माझ्या डोक्यातून जाईना. सुई टोचणाऱ्या डॉक्टरच्या दुसऱ्या हातात निदान कापसाचा बोळा असतो. प्रश्न टोचणाऱ्याच्या हातात काय असते?

मानसशास्त्रात यावरून एक मोठे वादळ पूर्वीच होऊन गेले आहे. १९६१ साली अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम या तरुण प्राध्यापकाने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन चारचौघांसारखी माणसे बोलावली. हा स्मरणशक्तीचा प्रयोग आहे, असे त्यांना सांगितले. पलीकडच्या खोलीतला मनुष्य उत्तर चुकला की बटण दाबून त्याला विजेचा झटका द्यावयाचा, आणि दर चुकीला झटका वाढवीत ४५० व्होल्टपर्यंत न्यावयाचा. खरे म्हणजे झटका कोणालाच बसत नव्हता, पलीकडचा मनुष्य सोंग करीत होता. १९६३ साली छापलेल्या पहिल्या अहवालात ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेलेले होते. साधी माणसे हुकूम मिळाला की कुठवर जातात, हे त्यातून दिसले आणि जग हादरले. मला मात्र त्या २६ जणांची घरे डोळ्यांपुढे येतात. घाम पुशीत, अडखळत, पण बटण दाबीत राहिलेला तो गृहस्थ संध्याकाळी घरी जाऊन जेवावयास बसला असेल. आपल्या हातून काय होऊ शकते हे त्याला आता कळलेले होते, आणि ते कळून घ्यावयास तो मुळी गेलाच नव्हता. १९६४ साली डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हाच आक्षेप जाहीरपणे घेतला. मिलग्रॅमचे म्हणणे असे की, मागाहून पत्राने विचारपूस केली तेव्हा बहुतेकांनी भाग घेतल्याचा आनंदच वाटतो असे कळविले. असेल. उरलेल्यांनी काय कळविले, आणि त्यावर पुढे काय झाले, हे मला अधिक वाचावयास आवडले असते.

आता माझी भाची काही कोणाला विजेचे झटके देणार नव्हती. ती मायाळू मुलगी आहे. मामीच्या खुणेची गोष्ट तिला सांगितली तेव्हा ती रडली. पण तिचा गडचिरोलीचा बेत नीट ऐकून घेतला आणि मी चपापलो. इतक्या मुली गोळा कशा करणार, असे विचारले तर ती म्हणाली, "आश्रमशाळा म्हणजे सोयच आहे मामा. मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली की एका दिवसात सव्वाशे मुली भरून होतात." हे शब्द तिचे नव्हते, ज्येष्ठांकडून तिच्यापर्यंत आलेले होते. 'भरून होतात' म्हणजे फॉर्म भरून होतात. पण बोलण्याच्या ओघात फॉर्म गळून पडला होता आणि मुलीच पोत्यात भरल्या जात होत्या.

"आणि त्यांच्या आईबापांची संमती?"

"ते जंगलात लांब राहतात. वसतिगृहाचे अधीक्षक पालकाच्या जागी सही देतात."

पालकाच्या जागी सही म्हटले की मला खम्मम आठवते. गडचिरोली जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला सिरोंचा आहे. तेथे प्राणहिता गोदावरीला मिळते आणि तीच गोदावरी पुढे वाहत भद्राचलमला जाते. ते भद्राचलम त्या वेळी आंध्र प्रदेशाच्या खम्मम जिल्ह्यात होते. २००९ साली त्या जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याकडे १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस टोचण्याचा एक प्रकल्प सुरू झाला. 'पाथ' ही अमेरिकन संस्था आणि आपली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद त्यात होत्या. काही मुली दगावल्याचा बोभाटा झाला आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला. त्या मृत्यूंचा लशीशी संबंध नव्हता असे चौकशीत निघाले, हे न्यायबुद्धीने सांगितलेच पाहिजे. लसही वाईट नव्हे. परंतु संसदेच्या स्थायी समितीने २०१३ साली अहवाल दिला, त्यात संमतिपत्रांची जी हकीगत आली ती वाचून मान खाली जाते. आंध्रातली ९,५४३ संमतिपत्रे पाहिली गेली. त्यांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या आणि १,९४८ वर नुसते अंगठे.

वाचकहो, आपल्या मुलीच्या शाळेने एका दिवसाच्या सहलीचे संमतिपत्रक आपल्याला न दाखविता वर्गशिक्षिकेच्याच सहीने भरून टाकले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आपण मुख्याध्यापिकेच्या खोलीत काय काय बोलू, ते मनाशी आठवून पाहा. भामरागडकडच्या बापाला त्या खोलीपर्यंत यावयास दिवसाची मजुरी बुडवावी लागते, आणि आल्यावर तेथली भाषाही त्याची नसते. शहाणी माणसे याला 'सहज उपलब्ध गट' म्हणतात.

नियम नाहीत असे नव्हे. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन डॉक्टरांच्या कृत्यांचा खटला चालला, त्यातून १९४७ साली न्यूरेंबर्ग संहिता निघाली. तिचे पहिलेच कलम माणसाच्या स्वेच्छेच्या संमतीविषयी आहे. आपल्याकडे आयुर्विज्ञान परिषदेने २०१७ साली नवी नीतितत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत सामाजिक आणि वर्तनविषयक अभ्यासांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. मूल सात वर्षांपुढचे असेल तर पालकांच्या संमतीखेरीज त्याचा स्वतःचा होकारही घ्यावा, असे लहान मुलांविषयीच्या नीतितत्त्वांत सांगितले आहे. हे सगळे भाचीला पाठ होते. परीक्षेत दहा गुणांना येते.

माझे हे पुराण ऐकून ती शेवटी वैतागली. "मग अभ्यास करायचाच नाही का मामा? त्या मुली एकट्या पडतात की नाही, हे कोणी विचारायचंच नाही?"

प्रश्न रास्त होता. न विचारणे हा तर सर्वांत सोयीचा मार्ग. चौतीस वर्षे मी तेच करीत आलो होतो. तिला उत्तर देण्यासाठी मी पुस्तके चाळली, परंतु मला ते सापडले गडचिरोलीहून धानोऱ्याला जाणाऱ्या एका सडकेवर. नागपूरहून उमरेड, नागभीड, आरमोरी करीत गडचिरोली गाठावयाची आणि तेथून पूर्वेची वाट धरावयाची. भाचीलाही याच वाटेने जावयाचे होते.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा काढण्यात आला. त्यानंतर चार वर्षांनी, १९८६ साली, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य तेथे आले. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतलेली ही माणसे. धानोऱ्याच्या सडकेवर चातगावजवळ त्यांच्या 'सर्च' संस्थेचे शोधग्राम आहे. आल्या आल्या त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक विकाराचा शोध घेतला. शास्त्र म्हणून काम चोख होते. पण पुढे डॉ. अभय बंगांनीच प्रांजळपणे सांगितले आहे की, तो प्रश्न लोकांचा नव्हता, संशोधकांचा होता. लोकांनी रक्त दिले आणि त्यांच्या पदरात फारसे काही पडले नाही. आपल्या यशस्वी संशोधनाविषयी असे बोलणारा संशोधक विरळा, म्हणून मला त्यांच्या पुढच्या कामावर विश्वास ठेवावासा वाटतो.

त्या पुढच्या कामात वसा आणि अमिर्झा ही दोन गावे येतात. डॉ. राणी बंगांनी तेथल्या १३ वर्षे आणि त्यावरच्या ६५० स्त्रियांची विचारपूस आणि तपासणी केली. निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या इंग्रज वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. शंभरांत ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. एकेकीला सरासरी साडेतीनाहून अधिक रोग. आणि त्यापूर्वी कधीतरी तपासणी वा उपचार झालेल्या स्त्रिया शंभरांत आठ. सर्वांत बोलका आकडा वेगळाच आहे: ४५ टक्के स्त्रियांना काही तक्रारच नव्हती. म्हणजे त्यांनी ती सांगितली नव्हती, किंवा हे असेच असावयाचे, बाईच्या जातीला हे चालावयाचेच, अशी त्यांची समजूत होती.

त्या स्त्रियांना विचारलेले प्रश्न माझ्या भाचीच्या छत्तिसाव्या प्रश्नापेक्षा कमी नाजूक नव्हते. सख्ख्या बहिणीलाही न सांगितलेल्या गोष्टी त्यांत होत्या. मग तेथे काय निराळे होते? विचारणारी बाई होती, डॉक्टर होती, हे तर झालेच. पण उत्तर आले की त्यावर औषध देणे तिच्या हाती होते, आणि दुसऱ्या महिन्यात, दुसऱ्या वर्षी ती तेथेच भेटणार होती. आज, जवळजवळ चाळीस वर्षांनी, ते शोधग्राम तेथेच आहे. त्या स्त्रिया आपल्या शरीराविषयी कोणत्या शब्दांत बोलतात, हे राणीबाईंनी गावच्या बायांकडूनच शिकून घेतले. पुढे त्यांनी त्यावर जे पुस्तक लिहिले त्याचे नाव 'कानोसा'. कानोसा घेणारा मनुष्य आधी स्वतः गप्प बसतो. माझ्या भाचीची प्रश्नावली मूळ अमेरिकेची, तिचे मराठी भाषांतर झालेले, आणि ते वाचावयाचे गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या घरांतल्या मुलींनी. त्यात 'निरर्थकतेची भावना' असा एक शब्द होता. आमच्या विदर्भात माणसे 'जीव लागत नाही' म्हणतात. तेवढे म्हटले की समोरचा लगेच बसावयास पाट देतो.

पण शोधग्रामची गोष्ट मी निर्मळ करून सांगणार नाही, कारण तिच्यात मला स्वतःला न सुटलेली एक गाठ आहे. १९९० साली 'लॅन्सेट'मध्येच बंगांचा दुसरा अभ्यास आला, लहान मुलांच्या न्यूमोनियाचा. ५८ गावांत गावचेच आरोग्य कार्यकर्ते आणि दाया यांना न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविले. ४४ गावे तुलनेसाठी ठेवली. तेथे जे पूर्वी चालत होते तेच चालू राहिले. उपचार केलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ०.८ आले, आणि तुलनेच्या गावांत शेकडा १३.५. शास्त्रज्ञ हा आकडा पाहून टाळ्या वाजवील आणि त्याचे बरोबरच आहे. आई त्याच आकड्याकडे पाहून विचारील की, त्या ४४ गावांतल्या लेकरांना औषध का नाही दिले?

उत्तर आहे. साधी माणसे हे औषध बिनधोक देऊ शकतील, हे तोवर सिद्धच झालेले नव्हते. तुलना केली नसती तर सरकारने मानले नसते. अमेरिकेत टस्कीगी गावी १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे उपदंश झालेल्या ३९९ काळ्या माणसांना हाताशी औषध असतानाही न देता नुसते पाहत बसले, त्याच्याशी याची तुलना करणे अन्यायाचे होईल. तेथे लपवालपवी होती आणि हेतूच मुळी पाहत बसण्याचा होता. येथे जे सिद्ध झाले त्याचा पुढे प्रसारच झाला. याच जिल्ह्यात बंगांनी नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत ३९ गावांत करून पाहिली, आणि २०११ साली ती आशा कार्यकर्त्यांमार्फत देशाच्या कार्यक्रमात आली. आज आपल्या शहराबाहेरच्या वस्तीत एखादी आशाताई बाळंतिणीच्या घरी वजनकाटा घेऊन जाते, ती या अभ्यासाची कमाई. हे सारे मला पटते. तरीही ४४ गावांकडे नजर गेली की मी थबकतो, आणि मला वाटते की तसे थबकणे बरेच आहे. ज्याला मुळीच थबकावेसे वाटत नाही त्याच्या हाती मी माझे नातवंड देणार नाही.

त्याच सडकेने आणखी पुढे, धानोरा येण्याच्या थोडे अलीकडे, मेंढा नावाचे गोंडांचे गाव लागते. जवळच्या लेखा गावामुळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेने आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर मिळविलेल्या सामूहिक हक्काने ते देशभर गाजले. मला त्या गावाची निराळीच गोष्ट आवडते. तेथे 'अभ्यास गट' असतो. गावचे देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या वृक्षमित्र संस्थेचे दिवंगत मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही चाल पाडली. गावकरी बसतात, बाहेरच्या जाणकारालाही बोलावतात आणि एखादा प्रश्न उकलून पाहतात. मधमाश्या न मारता मध कसा काढावा, हाही त्यांनी अभ्यासाचाच विषय केला. निर्णय मात्र ग्रामसभा घेते, आणि तोही मतमोजणीने नव्हे, सर्वांची सहमती होईपर्यंत बोलून. बाहेरच्याला गावात काही करावयाचे तर ते या सभेपुढे मांडावे लागते.

आपण कागद घेऊन ज्यांचा अभ्यास करावयास निघतो, तेच लोक तेथे अभ्यास करीत बसलेले असतात. "हा कागद कशाचा? याचे आम्हाला काय?" असे ते विचारणार, आणि आपल्याला सांगावे लागणार. अर्थात गावाने हो म्हटले म्हणजे प्रत्येकाने हो म्हटले असे होत नाही, हेही २०१७ च्या नीतितत्त्वांत आहे. पाटलाच्या होकाराने सुनेचे तोंड उघडावयाचे नसते.

हे सारे ऐकून भाची काही बोलली नाही, पण ऑगस्टात ती गेली तेव्हा तिचा बेत बदललेला होता. छत्तिसावा प्रश्न तिने काढून टाकला नाही. मी काढ म्हणत होतो, तर मामीनेच राहू दे म्हटले. "विचार. पण विचारून झाल्यावर उठू नकोस," एवढी सूचना दिली. मानसोपचाराचे डॉक्टर जवळात जवळ कोठे आणि कोणत्या वारी भेटतात, याची भाचीने आधी चौकशी केली. 'निरर्थकतेची भावना' खोडून तेथे साधे शब्द आले. उत्तरे तोंडी घ्यावयाची, एकेकीला वेगळे बसवून, आणि गोंडी येणारी एक बाई सोबतीला.

अधीक्षकांची सही तिने घेतली, परंतु तेवढ्यावर ती थांबली नाही. आठवडी बाजाराला आईबाप येतात असे कळल्यावरून ती बाजारात जाऊन बसली. सुकी मासळी आणि मिरच्यांचे ढीग यांच्यामध्ये चिंचेखाली मानसशास्त्र मांडले होते. चार बाजार तिने असे काढले. ५७ घरांची माणसे भेटली. एका बापाने विचारले, "यानं पोरीचे मार्क तं कमी नाही पडणार नं?" हा प्रश्न तिच्या कोणत्याही मार्गदर्शकाला सुचलेला नव्हता. एका म्हातारीने विचारले, "तू वापस येशीन का?" भाची म्हणाली, "येईन." मग म्हातारीने कधी ते विचारले, आणि हिने मकरसंक्रांतीनंतरचा दिवस सांगितला. आता जाणे आले.

४६ घरांनी होकार दिला. मग मुलींना विचारले. त्यांना असे विचारलेलेच पुष्कळ दिवसांत कोणी नसावे. आधी त्या हसल्या, मग एकमेकींकडे पाहू लागल्या. पाच जणींनी नाही म्हटले. एका शिक्षकांनी तत्परतेने "अगं, मॅडमना असं सांगतात का?" म्हणून त्यांना दटावले, तेव्हा भाचीने त्या सद्गृहस्थांना हात जोडून बाहेर बसविले. मुलींनी तिलाही सोडले नाही. एकटेपणाचे प्रश्न सुरू झाल्यावर एकीने विचारले, "ताई, तुम्हीपण घरापासून लांब आहात. तुम्ही रडता का?" कागदावर या प्रश्नाला जागा नव्हती. "पुष्कळदा," भाची म्हणाली.

सव्वाशेचे एकेचाळीस झाले. विद्यापीठातल्या मंडळींनी कपाळाला आठ्या घातल्या: नमुना लहान पडतो, एवढ्यावरून निष्कर्ष निघत नाहीत. प्रबंध सादर करण्याची तारीख सहा महिने पुढे गेली आणि त्याबरोबर एक शिष्यवृत्तीही हातची गेली. माझी बहीण माझ्यावर अजून थोडी रागावलेली आहे. तुझ्या सदराचे विषय माझ्या पोरीवर का काढतोस, असे तिने फोनवर विचारले. त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

परवा भाची चकल्या करावयास मामीच्या मदतीला आली होती. सोऱ्या दाबता दाबता तिने सांगितले की, नाही म्हणालेल्या पाच जणींतली एक मुलगी शेवटच्या दिवशी संध्याकाळी आपण होऊन तिच्याकडे आली. कागद नको, लिहायचं नाही, असे आधी कबूल करून घेतले आणि व्हरांड्यात तासभर बोलत बसली. दुसऱ्या दिवशी भाचीने आपले निघणे लांबविले, कोणाकोणाला भेटली आणि मगच बस धरली.

"काय सांगितलं गं तिनं?" सौभाग्यवतींनी विचारले.

भाचीने मान हलविली. चकली मोडली होती, ती गोळा करून तिने पुन्हा सोऱ्यात घातली. मामीने पुन्हा विचारले नाही.

प्रबंधात त्या मुलीची नोंद 'नकार' या रकान्यात आहे.